पाणी जवळ आणू नये

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी साचतात, धूळ आणि किस्से. धुळीला ब्लोअर मारता येतो, किस्स्यांना काय मारणार? हिंगोलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं, तेव्हा कॅबिनेटचं झाकण उघडलं की आतून कधी पालीची अंडी निघायची, कधी मूठभर तूर. एकदा तर उंदराच्या घरट्यात एका गुरुजींच्या बदलीच्या ऑर्डरचे तुकडे सापडले. गुरुजी तीन महिने ती ऑर्डर शोधत होते. अशा वेळी आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि झाकण लावायचो.

पण आम्हाला सगळ्यात जास्त हादरे दिले ते कुण्या गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरनं नाही. माझा भागीदार मिलिंद, त्याच्या घरच्या सर्व्हरनं दिले. सर्व्हर हा शब्द उगाच मोठा आहे. भंगारातून वाचवलेला एक मदरबोर्ड, चार जुन्या हार्ड डिस्क, आणि हे सगळं प्लायवूडच्या एका फळीवर स्क्रूनं आवळलेलं. दुकानाची सगळी सॉफ्टवेअरं, गिऱ्हाइकांच्या लग्नांचे फोटो आम्ही त्याच्यावर ठेवायचो. आणि तिसऱ्या डिस्कवर मिलिंदच्या वडलांची गाणी होती.

*

मिलिंदचे बाबा गायन पार्टीत गायचे. जयंतीच्या महिन्यात एकही दिवस त्यांना घरचं जेवण मिळायचं नाही, इतक्या गावांची बोलावणी. नव्वदच्या दशकात मिलिंद नुकता टेप-रेडिओ दुरुस्तीला लागला होता आणि ते गेले. मागं राहिल्या एकोणीस कॅसेटी.

त्यातली एक साखऱ्याच्या चुलतभावानं हळदीच्या कार्यक्रमाला म्हणून नेली. परत आणून दिली तेव्हा दोन्ही बाजूंना सिनेमाची गाणी. मिलिंद कॅसेट उलटसुलट करून बघत राहिला. चुलतभावाला वाटलं, खूश झाला. तो म्हणाला, "दोनी बाजू भरून देल्या भाऊ. नेलेली कॅसेट निस्ती रिकामी काहून परत द्यावी?"

मिलिंदनं उरलेल्या अठरा कॅसेटी दुकानात आणल्या आणि टेपची वायर कॉम्प्युटरला जोडून एकेक आत घेतली. बरं केलं, कारण पुढच्याच पावसाळ्यात सगळ्यांना बुरशी लागली. त्यानं सीड्यांचे दोन सेट काढले. एक घरी ठेवला. एका जागी आग लागली तर दुसरीकडं तरी राहावं, म्हणून दुसरा ठेवायला दिला. कुणाकडे? साखऱ्याच्या त्याच चुलतभावाकडे. त्याचं घर पक्क्या स्लॅबचं होतं.

दीड वर्षात घरच्या सीड्यांचा वर्ख निघायला लागला. स्वस्तातल्या होत्या. हरकत नाही, दुसरा सेट आहे, असं म्हणत आम्ही मोटारसायकलवर साखऱ्याला गेलो. गावाच्या अलीकडं एका ज्वारीच्या शेतात काहीतरी लखलखत होतं. मिलिंदनं गाडी थांबवली. कणसांच्या वर काठ्या, काठ्यांना सुतळी, सुतळीला सीड्या, आणि वाऱ्यावर त्या गरगरत होत्या. एक आमच्याकडं वळली तेव्हा मिलिंदनं स्वतःचं अक्षर वाचलं. 'बाबा, भाग चार.'

चुलतभाऊ धावत आला. "लई कामाची चीज देली भाऊ तुमी. एक पाखरू येऊन न्हाई राहिलं बघा."

मी मिलिंदकडं बघायचंही टाळलं. उन्हानं आणि सुतळीच्या भोकांनी त्या सीड्यांचं काही शिल्लक राहिलं नव्हतं. त्या दिवसापासून बाबांचा आवाज जगात एकाच जागी उरला, मिलिंदच्या घरी, फळीवरच्या तिसऱ्या डिस्कमध्ये. मिलिंदचा सीड्यांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. एक मोठं उभं कॅबिनेट, म्हणजे टॉवर, आणू, नवी डिस्क टाकू, मग नीट दुसरी प्रत काढू, असं ठरलं. ते 'मग' दोन वर्षं लांबलं. ते आठवलं की मला अजून स्वतःचा राग येतो.

*

टॉवर येईपर्यंत उघड्या फळीवर धूळ नको, म्हणून शेजारचे रशीदभाई मदतीला आले. रशीदभाई कूलर बनवायचे. लोखंडी पत्रा, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, पुढं पंखा, खाली पाण्याची टाकी. त्यांनी एक रिकामी बॉडी दिली. म्हणाले, "इसमें रख दो भाई. हवा भी लगेगी, चूहा भी नहीं आएगा." कल्पना झकास होती. टाकीच्या वर अँगल ठोकून आम्ही फळी बसवली, पंखा सुरू केला. मिलिंदच्या बैठकीत सर्व्हर थाटात चालू झाला.

एप्रिलात कळमनुरीहून मिलिंदचे मामा आले. दुपारची वेळ, बैठकीत कुणी नाही. मामा कूलरसमोर बसले. पंखा फिरत होता, पण हवा गरम. कुणीही शहाण्या माणसानं जे केलं असतं तेच मामांनी केलं.

आम्ही जेवायला घरी आलो तर मामा धोतरानं हात पुसत होते. "पाणीच नव्हतं त्याच्यात. तीन बादल्या वतल्या म्या," ते म्हणाले. "तरी बी गरमच फेकून राहिलाय. गवत बदला त्याचं."

मिलिंदनं आधी मेन स्विच पाडला. मग मी जाळी काढून आत बघितलं. पाणी फळीच्या खाली दोन बोटांवर थांबलं होतं. चौथी बादली मामांनी का ओतली नाही, तर रांजणातलं पाणी संपलं होतं. मिलिंद जमिनीवरच बसला. मामांना वाटलं पोराला ऊन लागलं, म्हणून ते त्याच्यासाठी कांदा शोधायला गेले.

त्या संध्याकाळी मिलिंदनं एका कागदावर जाड मार्करनं लिहिलं, 'पाणी जवळ आणू नये', आणि तो कूलरवर चिकटवला. तेव्हापासून त्या खोलीत कुणाच्या हातात पाण्याचा पेला दिसला की त्याचा आवाज चढायचा. पाहुण्यांना पाणी ओसरीत, चहा ओसरीत. शाळेच्या हेडमास्तरांनासुद्धा त्यानं अर्ध्या घोटावर उठवलं होतं.

*

पाणी टळलं तर विजेनं गाठलं. कूलरच्या पत्र्याला हात लागला की झटका बसायला लागला. घराला अर्थिंगच नव्हतं. आमच्याकडं निम्म्या घरांना नसतं, हे मला तोवर ऐकून माहीत होतं, आता हाडांत कळलं. मिलिंदनं अंगणात लिंबाच्या झाडाशेजारी खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ घातलं, लोखंडी रॉड पुरला आणि वायर आत नेली. अर्थिंगची माती ओली राहायला लागते, म्हणून आईला सांगितलं की इथं रोज तांब्याभर पाणी घालत जा.

मिलिंद आईला माय म्हणायचा, मी मावशी. मावशींना अक्षरओळख नव्हती, पण सांगितलेलं काम त्या एक दिवस चुकवायच्या नाहीत. महिनाभरानं शेजारच्या गंगाबाईंनी विचारलं, "काय लावलंय वं इथं? कव्हाचं पाणी घालून राहिलीस, अजून कोंब न्हाई."

"कोंब न्हाई येत त्याला," मावशी म्हणाल्या. "ते घातल्यापासून घरात तकलीफ न्हाई."

ते खरंच होतं, झटके थांबले होते. पुढं काय झालं ते दोन महिन्यांनी कळलं. गंगाबाईंच्या अंगणात तसाच एक रॉड उभा होता, भोवती आळं, आळ्यात पाणी. मिलिंद खूश झाला, म्हणाला की बघा, लोक सुधारतायत. वायर कुठून नेली ते बघायला तो वाकला. वायरच नव्हती. घरात लाईटचं कनेक्शनही नव्हतं.

"मंग गुण आला का?" मिलिंदनं कसंबसं विचारलं.

"बराबर आला," गंगाबाई म्हणाल्या. "गुडघा थांबलाय."

यावर इलेक्ट्रिकचं कुठलं पुस्तक उघडावं ते आम्हाला सुचेना. आम्ही परत आलो.

*

त्या वर्षी थंडी चांगली पडली. एकदा सकाळी मिलिंदकडं गेलो तर तो कूलरची जाळी हातात घेऊन पुतळ्यासारखा उभा. आत तिसऱ्या डिस्कवर एक कल्हई केलेलं पितळी पातेलं, त्याला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं. मी झाकण उचललं. आत दही लागलेलं, सुरी फिरवावी असं घट्ट.

"माय, हे काय हाय?" मिलिंदचा आवाज चिरकला.

"इरजण हाय," मावशी म्हणाल्या. "थंडीत लागत न्हाई बाहीर."

"त्याच्यावर कागद लावलाय नं? पाणी जवळ आणू नये?"

"दही म्हंजे पाणी हाय का रे?"

कितव्या दिवसापासून चाललंय, असं विचारलं तर दिवाळीपासून. सव्वादोन महिने बाबांच्या आवाजावर दही लागत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. मिलिंद काही बोलणार तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "चार डब्यांत ह्योच लई तापतो. बाकीच्यावर पातळ ऱ्हातं. आन् लाईट गेली नं, की ह्यो थंडा पडतो. मंग ऊन धरल्याबिगर उठत न्हाई. बाकीचे लगीच उठतात."

मिलिंदनं मोजलं. खरंच तिसरी डिस्क बाकीच्यांपेक्षा कितीतरी गरम होती. आमच्याकडं तेव्हा रोजचं लोडशेडिंग. दर वेळी ती डिस्क फिरायला उशीर करत होती. म्हणजे जायच्या वाटेवर होती. दोघं मेकॅनिक, दुकानावर पाटी, आणि डिस्क म्हातारी झाल्याचं आम्हाला मावशींच्या दह्यानं सांगितलं. मला धरणीत गाडून घ्यावंसं वाटलं.

मिलिंद मला म्हणाला, "गजानन, बस झालं. ह्या आठवड्यात टॉवर आन् नवी डिस्क. जुन्यांवर तर जागाच न्हाई."

*

टॉवर नांदेडहून आणला, एका बंद पडलेल्या ऑफिसच्या लिलावातला. माझ्या कमरेएवढा उंच, आठ डिस्क बसतील एवढी जागा, पुढं दोन मोठे पंखे. फक्त गंजलेला होता. रशीदभाई म्हणाले, "मेरे को दो. एक दिन में नया कर देता हूँ."

दुसऱ्या दिवशी टॉवर परत आला. कूलरचा असतो तो हिरवा रंग, बाहेरून आणि आतूनही. पंख्यांवर, पंख्यांच्या पात्यांवर, वायरींवर, बटणावर. पंखे हातानं फिरवून बघितले. ते जागच्या जागी चिकटले होते.

"अंदर से भी मारा," रशीदभाईंनी अभिमानानं सांगितलं. "तुम लोगाँ बोलोगे रशीद ने काम आधा छोड़ दिया."

त्यांना रागावणार कसं? पैसेही घेत नव्हते. आम्ही दोन दिवस थिनर घेऊन पाती खरवडत बसलो. टॉवर रिकामा होता तेव्हाच मिलिंदनं त्याच्या पुढच्या बाजूला नवा कागद चिकटवला. मजकूर तोच.

*

आता जे सांगतो ते मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. रविवार होता. मिलिंदच्या बैठकीत सतरंजी टाकून आम्ही सर्व्हर हलवायला घेतला. मिलिंद डिस्का बसवत होता, मदरबोर्ड माझ्याकडं. फळीवर तो सरळ स्क्रूनं आवळलेला होता, कारण लाकडातून वीज जात नाही. त्याच सवयीनं मी तो टॉवरच्या पत्र्यावरही सरळ आवळला. मधे पितळेचे छोटे स्टँड लावायचे असतात, नाहीतर बोर्डाची पाठ पत्र्याला टेकते. हे मी स्वतः अर्ध्या जिल्ह्याला शिकवलेलं. दोन वर्षांच्या फळीनं माझा हात बिघडवला होता.

मिलिंदनं विश्वासानं बटण दाबलं.

चट्ट असा आवाज आला, एक निळी ठिणगी, आणि जळका वास. नंतर काहीच नाही. चारही डिस्का जोडलेल्या होत्या.

मिलिंदनं आत वाकून बघितलं आणि त्याला कळलं. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "स्टँड ऱ्हायले नं, गजानन."

दारात मावशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, तेव्हाही घेतलं नाही. फक्त विचारलं, "तेन्ला काही झालं का?"

मी खाली वाकून बोर्डाचे स्क्रू सोडवायला लागलो.

एक सांगायला हवं. बाबा गेल्यापासून मावशींनी ती गाणी एकदाही ऐकली नव्हती. मिलिंदनं लावली की त्या उठून मागच्या दारी जायच्या. ऐकायची नव्हती, पण असायला हवी होती.

*

मी दुकानातून दुसरा बोर्ड आणि पॉवर सप्लाय आणला. या वेळी स्टँड तीन तीनदा मोजले. पहिली डिस्क चालली. दुसरी चालली. चौथी चालली. तिसरी जोडली तर बारीक टिकटिक, आणि गप्प. पुन्हा जोडली, पुन्हा गप्प. मिलिंद भिंतीला टेकून बसला. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

मावशी आत आल्या. वाकून त्यांनी डिस्कवर तळहात ठेवला.

"थंडा हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "म्या सांगितलं व्हतं नं? काढून दे इकडं."

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. मघाशी सगळं जाळणारा मीच. त्यानं डिस्क काढून आईच्या हातात दिली. मावशींनी ती दह्याच्या त्याच फडक्यात गुंडाळली, अंगणात उन्हात जाऊन बसल्या आणि मांडीवर घेतली. अर्धा तास झाला. आम्ही उंबऱ्यात. मग त्यांनी फडक्यात हात घालून बघितलं.

"घे. बराबर झालं."

आम्ही ती ऊन ऊनच जोडली. टिकटिक झाली. मग एक लांब घूंऽऽ, आणि डिस्क फिरायला लागली. मिलिंदनं श्वास न घेता सगळी गाणी नव्या डिस्कवर उतरवायला लावली. तीस-चाळीस मिनिटं आम्ही पडद्यावरच्या पट्टीकडं बघत होतो. पट्टी भरली. खात्री करायला म्हणून त्यानं हाताला येईल ती फाईल लावली.

गाणं घरातच टेप केलेलं होतं. साथीला एकटी पेटी. बाबांचा आवाज भरदार, थोडा घोगरा. दोन कडवी झाली. मावशी दारात होत्या, पण या वेळी मागच्या दारी गेल्या नाहीत.

तिसऱ्या कडव्याच्या आधी पेटी थांबली. बाबा खाकरले आणि म्हणाले, "अगं, पाणी आण गं घोटभर. गळा सुकला."

मावशी वळल्या आणि आत गेल्या. आतून माठावरचं झाकण वाजलं. इकडं रेकॉर्डिंगमध्येही कुणाची तरी पावलं वाजत होती, बांगड्या वाजत होत्या. पेला घेऊन मावशी आल्या तेव्हा रेकॉर्डिंगमधून एका तरण्या बाईचा आवाज आला, "घ्या." आणि भांडं टेकल्याचा टक्क असा आवाज झाला.

मावशींनी पेला टॉवरवर ठेवला.

आत बाबा पाणी प्यायले, हां म्हणाले आणि पुन्हा गायला लागले. पेला काठोकाठ भरलेला होता, पंख्यानं त्यातलं पाणी थरथरत होतं. त्याच्या बरोबर खाली मिलिंदच्या अक्षरातला तो कागद. मिलिंद एकदा पेल्याकडं बघत होता, एकदा आईकडं.

गाणं संपेपर्यंत पेला तिथंच होता.